आतड्याच्या कॅन्सरचे ऑपरेशन आणि त्याच दिवशी घरी: कुणाला चालते आणि घरच्यांनी काय सांभाळावे



मोतीबिंदू, हर्निया किंवा पित्ताशयाचे ऑपरेशन करून संध्याकाळी घरी येणे आता आपल्याला नवे राहिलेले नाही. पण मोठ्या आतड्याचा कॅन्सर असलेल्या पेशंटला आतड्याचा तुकडा काढून त्याच दिवशी घरी पाठवतात असे ऐकले, की आपल्या घरांत पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: "खाट रिकामी करायची घाई झाली असेल!" भारतातून फोनवर बोलणारे नातेवाईक तर हमखास म्हणतात, "अहो, आपल्याकडे दहा दिवस ठेवून घेतात."

ही शंका रास्त आहे. म्हणून आरोग्य सदरात या वेळी हाच विषय घेतला आहे. मोठ्या आतड्याचा कॅन्सर ब्रिटनमधल्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या पहिल्या चार कॅन्सरमध्ये मोडतो आणि दरवर्षी इथे सुमारे ४४,००० लोकांना त्याचे निदान होते. आम्ही ब्रिटनमधली आपली कुटुंबे डोळ्यांसमोर ठेवून लिहीत आहोत. इतर देशांतल्या वाचकांसाठी फोन नंबर आणि नियम वेगळे असतील, वैद्यकीय भाग मात्र तोच आहे. हा लेख माहितीसाठी आहे. शेवटचा शब्द अर्थातच तुमच्या सर्जनचा.

कोणत्या ऑपरेशनबद्दल बोलतो आहोत?

मोठ्या आतड्याचा लांब भाग म्हणजे कोलन आणि शेवटचा भाग म्हणजे रेक्टम. या आजाराशी संबंधित काही गोष्टी पूर्वीपासूनच एका दिवसात होतात. कोलोनोस्कोपीत गाठ म्हणजे पॉलिप काढणे किंवा केमोथेरपीसाठी छातीवर कातडीखाली पोर्ट बसवणे यासाठी सहसा रात्री राहावे लागत नाही.

नवी गोष्ट आहे ती कोलेक्टॉमीची. यात कॅन्सर असलेला कोलनचा भाग जवळच्या लिम्फ ग्रंथींसह काढतात आणि उरलेली दोन टोके एकमेकांना जोडतात. हे मोठे ऑपरेशनच आहे. ते दुर्बिणीतून किंवा रोबोच्या साहाय्याने लहान छिद्रांतून केले, तरी पोटाच्या आत झालेले काम लहान होत नाही. आत एक ताजा जोड असतो. तो नीट भरून येणे यावर पुढचे सगळे अवलंबून असते. हा जोड लेखात पुन्हा पुन्हा येईल.

इथपर्यंत कसे आलो?

१९९० च्या आधी अशा ऑपरेशननंतर पोटावर लांब छेद, नाकात नळी, चार-पाच दिवस तोंडाला पाणी नाही आणि आठ-दहा दिवस किंवा त्याहून जास्त मुक्काम, असा रिवाज होता. कोपनहेगनजवळच्या ह्विडोव्हर हॉस्पिटलमधले डॅनिश सर्जन हेन्रिक केलेट यांनी साधा प्रश्न विचारला: ऑपरेशननंतर पेशंट हॉस्पिटलमध्ये नेमका कशासाठी राहतो? उत्तर निघाले: वेदना, मळमळ, आतड्याचे थंडावणे, नळ्या आणि अशक्तपणा. यातली प्रत्येक गोष्ट वेगवेगळी हाताळली तर? १९९५ साली त्यांच्या गटाने आठ वयस्कर पेशंटचा अनुभव 'लॅन्सेट' या नियतकालिकात मांडला. दुर्बिणीतून ऑपरेशन, पाठीतून वेदनाशमन, लवकर खाणे आणि लवकर चालणे यामुळे ते पेशंट दोन दिवसांत घरी जाऊ शकले.

यातूनच पुढे ईआरएएस नावाची पद्धत तयार झाली. २००१ मध्ये युरोपातल्या सर्जननी त्यासाठी अभ्यासगट स्थापन केला आणि आज ब्रिटनमध्ये ही पद्धत सर्रास वापरतात. दरम्यान २००४ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत कोलनचा कॅन्सर दुर्बिणीतून काढला तरी तो परत उद्भवण्याचे प्रमाण उघड्या ऑपरेशनइतकेच राहते, असे दिसले. तेव्हा दुर्बिणीबद्दलची मोठी भीती कमी झाली.

२००९ मध्ये इंग्लंडमधल्या गिल्डफर्डच्या डॉक्टरांनी दहा पेशंटना कोलेक्टॉमीनंतर २३ तासांच्या आत घरी पाठवल्याचा अनुभव प्रसिद्ध केला. फ्रान्समध्ये ल्यॉनच्या गटाने त्याच दिवशी घरी पाठवायला सुरुवात केली आणि २०१९ मध्ये सलग १५७ पेशंटचा अहवाल दिला. पुढे २०२० च्या कोविड साथीत खाटा कमी पडल्या आणि हॉस्पिटलमध्ये राहण्याचीच भीती वाटू लागली. तेव्हा अमेरिका, कॅनडा आणि युरोपातल्या आणखी केंद्रांनी हा मार्ग धरला. म्हणजे हे खूळ एका रात्रीत निघालेले नाही. त्यामागे सुमारे तीस वर्षांचे काम आहे.

मग हे सुरक्षित आहे का?

नीट निवडलेल्या पेशंटसाठी, अनुभवी टीमच्या हाताखाली आणि घरी लक्ष द्यायला माणूस असेल तर होय. या तीन अटींपैकी एक जरी सुटली तरी उत्तर बदलते.

आतापर्यंतच्या अहवालांत त्याच दिवशी घरी गेलेल्या निवडक पेशंटमध्ये गुंतागुंत किंवा पुन्हा भरती होण्याचे प्रमाण नेहमीच्या ईआरएएस पेशंटपेक्षा जास्त दिसलेले नाही. मात्र हे पेशंट मुळातच तब्येतीने बरे असलेले निवडलेले होते आणि बहुतेक अभ्यास निरीक्षणाचे आहेत. काही अहवालांत कॅन्सरबरोबर आतड्याच्या इतर आजारांचे पेशंटही आहेत. त्यामुळे 'सगळ्यांना चालेल' असा अर्थ त्यातून काढता येत नाही.

"पण हॉस्पिटलमध्ये राहिले तर काही बिघडल्यास लगेच कळेल ना?" हा प्रश्न सगळे विचारतात. पहिल्या दिवसापुरते ते खरे आहे. रक्तस्राव झाला तर तो बहुधा पहिल्या काही तासांत होतो, आणि म्हणूनच ऑपरेशननंतर कित्येक तास पेशंटला नजरेखाली ठेवतात. पण सर्वांत मोठा धोका म्हणजे आतला जोड गळणे. कोलनच्या ऑपरेशननंतर साधारण शंभरातल्या तीन ते सहा जणांना तो त्रास होतो. रेक्टमच्या अगदी खालच्या जोडात हे प्रमाण दहाच्या आसपास जाते. त्याची चिन्हे बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसात दिसतात. आता तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरी गेलेला पेशंटही त्या वेळी घरीच असू शकतो. म्हणजे दोघांच्याही बाबतीत बिघाड ओळखण्याची वेळ घरच्यांवरच येऊ शकते.

कॅन्सरच्या पुढच्या उपचारांवरही लवकर घरी जाण्याने परिणाम होत नाही. काढलेला भाग पॅथॉलॉजीकडे जातो, तिथे किमान १२ लिम्फ ग्रंथी तपासणे अपेक्षित असते आणि त्या अहवालावरून केमोथेरपीचा निर्णय होतो. हा अहवाल यायला एक-दोन आठवडे किंवा जास्त लागतात. त्यासाठी कुणीही हॉस्पिटलमध्ये थांबत नाही.

कुणाला चालते, कुणाला नाही?

प्रत्येक केंद्राचे नियम थोडे वेगळे असतात, पण साधारणपणे पुढील गोष्टी पाहतात:

- कॅन्सर कोलनमध्ये असावा. रेक्टमच्या खालच्या भागाचे ऑपरेशन किंवा स्टोमा म्हणजे पोटावर मलमार्ग काढायचा असेल, तर सहसा मुक्काम करावाच लागतो.
- ऑपरेशन आधी ठरवून केलेले असावे. आतडे बंद पडल्यामुळे तातडीने केलेल्या ऑपरेशनला हे लागू नाही.
- हृदय, फुप्फुस आणि मूत्रपिंड ठीक असावे. डायबेटिस असेल तर तो काबूत असावा. आपल्या लोकांत डायबेटिस खूप आहे, म्हणून हा मुद्दा महत्त्वाचा.
- रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या नेहमी चालू असतील, तर बहुतेक ठिकाणी नकार मिळतो.
- घर हॉस्पिटलपासून फार लांब नसावे. गाडीने अर्धा-एक तास ही साधारण मर्यादा.
- पहिले काही दिवस, विशेषतः रात्री, घरी एक जाणते माणूस असावे.
- पेशंटची स्वतःची तयारी असावी. मनाविरुद्ध कुणालाही घरी पाठवू नये.

नुसत्या वयावरून नकार देत नाहीत. सत्तरीतला रोज चालणारा माणूस पन्नाशीतल्या आजारी माणसापेक्षा लवकर उभा राहतो.

तो दिवस कसा जातो?

तयारी काही आठवडे आधी सुरू होते. रक्तक्षय असेल तर लोहाचे उपचार, सिगारेट बंद, रोज चालणे. ऑपरेशनच्या सहा तास आधीपर्यंत खाणे आणि दोन तास आधीपर्यंत पाणी सहसा चालते. काही ठिकाणी साखरयुक्त पेयही देतात, पण डायबेटिस असल्यास ते विचारूनच घ्यावे. "निर्जळी राहिलेले बरे" हा आपला समज इथे उपयोगाचा नाही.

ऑपरेशन यादीत सकाळी पहिले घेतात, म्हणजे संध्याकाळपर्यंत वेळ मिळतो. नाकात नळी ठेवत नाहीत. लघवीची नळी ठेवली असेल तर लवकर काढतात. गुंगी आणणारी वेदनाशामके शक्य तितकी कमी देतात, कारण ती आतडे थंडावतात. त्याऐवजी पाठीतले इंजेक्शन किंवा पोटाच्या स्नायूंत बधिरता आणि साध्या गोळ्या वापरतात. काही तासांत पेशंटला पाणी, थोडे खाणे देऊन चालवतात.

घरी सोडण्याआधी पेशंट उलटी न होता पितो-खातो का, स्वतः चालतो का, लघवी झाली का, गोळ्यांनी वेदना आटोक्यात आहेत का आणि नाडी व रक्तदाब ठीक आहेत का, हे पाहतात. यातले एक जरी जमले नाही तरी रात्रीचा मुक्काम. ठरवून गेलेल्यांपैकी काहींना थांबावे लागतेच. ते अपयश नव्हे. निवड नीट चालली आहे, याचीच ती खूण. म्हणून 'संध्याकाळी घरी' असे ठरले तरी रात्रीची पिशवी भरून न्यावी.

घर हाच वॉर्ड

समजा, शुक्रवारी ऑपरेशन झाले. शनिवार-रविवार ठीक गेले. सोमवारी संध्याकाळी बाबा जेवले नाहीत. पोट फुगल्यासारखे वाटते म्हणाले. आई म्हणाली, "गॅस झाला असेल, ओवा देते." रात्री थोडी कणकण वाटली, तर पॅरासिटामॉल दिली. बाबांना विचारले की एकच उत्तर, "काही नाही, बरा आहे मी. उगाच कुणाला त्रास नको." आणि घरच्यांनी ठरवले, सकाळी बघू.

आमच्या मते या सगळ्या विषयातला खरा धोका इथे आहे. जोड गळत असेल तर एक रात्र फार मोठी असते. वेळेवर कळले तर अँटिबायोटिक, स्कॅन आणि गरज पडल्यास दुसरे ऑपरेशन करून माणूस वाचतो. उशीर झाला तर संसर्ग रक्तात पसरतो. ओवा देऊन सकाळची वाट पाहू नका.

पुढीलपैकी काहीही दिसले तर लगेच, रात्रीचे दोन वाजले असले तरी, हॉस्पिटलने दिलेल्या नंबरवर फोन करा:

- पोटातले दुखणे दिवसागणिक कमी होण्याऐवजी वाढणे
- पोट फुगून घट्ट होणे, पुन्हा पुन्हा उलट्या
- ताप, थंडी वाजून हुडहुडी भरणे
- बसल्या जागीही नाडी जलद चालणे किंवा धाप लागणे
- लघवी न होणे
- शौचातून खूप किंवा थांबत नाही असे रक्त जाणे
- जखम लाल होऊन पू येणे
- एका पायाची पोटरी सुजून दुखणे
- कालपर्यंत बरा असलेला माणूस आज अचानक मलूल, गोंधळलेला वाटणे

दिलेला नंबर लागला नाही तर १११. छातीत दुखणे, श्वास लागणे, शुद्ध हरपणे किंवा भरपूर रक्तस्राव असेल तर थेट ९९९.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. पॅरासिटामॉल ठरावीक वेळाने चालू असते तेव्हा ताप झाकला जाऊ शकतो. म्हणून थर्मामीटरबरोबर नाडीही मोजा. सकाळ-संध्याकाळ ताप, नाडी, दुखणे किती, काय खाल्ले, उलटी, लघवी, वात सरला का, हे एका वहीत लिहा. फोनवर नर्सला "बरे नाहीत" असे सांगण्यापेक्षा "काल नाडी ८०, आज ११०" हे सांगणे शंभरपटीने उपयोगी. चांगल्या केंद्रांत पहिले काही दिवस नर्स रोज फोन करते किंवा मोबाइलच्या ॲपवरून प्रश्न विचारते, आणि काही ठिकाणी तिसऱ्या-चौथ्या दिवशी सीआरपी ही रक्तचाचणी करतात. सीआरपी चढलेला असेल तर जोडाकडे लगेच लक्ष देतात.

खाणे, औषधे, हालचाल

पहिले दोन ते चार आठवडे चोथा कमी असलेले, थोडे थोडे खाणे. आपल्याकडचा मऊ भात, मुगाचे वरण, ताक, दही, इडली, अंडे, वाफवलेला मासा उत्तम. उसळी, शेंगदाणे, कच्ची कोशिंबीर, भाकरी, पालेभाज्या नंतर हळूहळू. शक्ती यावी म्हणून प्रेमाने केलेले डिंकाचे लाडू महिनाभर डब्यातच राहू द्यावेत. इसबगोल किंवा इतर रेचक विचारल्याशिवाय नको. उपास, एकादशी, चतुर्थी या काळात सोडावेत.

आयुर्वेदिक काढे, हळदीच्या कॅप्सूल, लसणाच्या गोळ्या असे काहीही चालू असेल तर ते ऑपरेशनआधीच भूलतज्ज्ञांना सांगा. काहींचा रक्त गोठण्यावर परिणाम होतो. स्वयंपाकातल्या हळदीला, लसणाला हरकत नाही.

कॅन्सरच्या पोटाच्या ऑपरेशननंतर पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून बहुधा २८ दिवस रोज पोटाच्या कातडीत हेपारीनचे इंजेक्शन घ्यावे लागते. ते स्वतः किंवा घरच्या माणसाने द्यायला शिकून घ्या. जमत नसेल तर डिस्ट्रिक्ट नर्सची सोय आधी मागा. ही औषधे सहसा डुकराच्या आतड्यापासून बनवतात. शाकाहारी किंवा धार्मिक कारणाने कुणाला अडचण वाटत असेल, तर फोंडापॅरिनक्स हा कृत्रिम पर्याय चालेल का, हे ऑपरेशनआधीच विचारावे. मनात ठेवून इंजेक्शन गुपचूप चुकवणे धोक्याचे आहे.

अंथरुणात पडून राहणे म्हणजे विश्रांती नव्हे. दिवसातून चार-पाच वेळा घरातल्या घरात चाला. भरलेला मोठा कुकर किंवा आट्याची गोणी सहा आठवडे उचलू नका.

आपल्या घरांतल्या अडचणी

भारतात ऑपरेशननंतर मावशी, काकू, शेजारी पाळीपाळीने बसतात. इथे अनेकदा नवरा-बायको दोघेच. जोडीदार नोकरीवर जाणार असेल तर 'घरी माणूस आहे' असे फॉर्मवर लिहू नका. आईला भारतातून बोलवायचे म्हटले तर व्हिसाला वेळ लागतो. म्हणून तारीख मिळताच मित्रमंडळींचे वेळापत्रक करा. मंडळाच्या सभासदांनी डबा द्यायचा, रात्री सोबतीला थांबायचे, मुलांना शाळेत न्यायचे, ही कामे वाटून घेता येतात. मात्र पहिल्या आठवड्यात भेटायला गर्दी नको.

दुसरी अडचण बोलण्याची. घरातल्या वडीलधाऱ्यांपासून 'कॅन्सर' हा शब्द लपवायची आपली सवय. इथे डॉक्टर पेशंटशीच बोलतात आणि संमती पेशंटचीच लागते. ज्याला आपल्याला काय झाले आहे हे माहीत नाही, तो धोक्याची चिन्हे कशी सांगणार? इंग्रजी अडत असेल तर हॉस्पिटलकडे मराठी दुभाष्या मागा, तो विनामूल्य मिळतो. संमतीच्या वेळी मुलाने किंवा सुनेने भाषांतर करू नये. प्रेमापोटी अर्धे शब्द गाळले जातात.

सर्जनला विचारायचे प्रश्न

१. माझा कॅन्सर नेमका कुठे आहे, आणि स्टोमाची शक्यता किती?
२. तुमच्या टीमने असे किती पेशंट त्याच दिवशी घरी पाठवले आहेत?
३. रात्री आणि शनिवार-रविवारी फोन कोण उचलणार?
४. पहिला आठवडा रोज संपर्क कोण ठेवणार? रक्तचाचणी कधी?
५. परत यावे लागले तर थेट वॉर्डमध्ये की आपत्कालीन विभागात रांगेत?
६. मला एक-दोन रात्री राहावेसे वाटले तर चालेल का?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट मिळाले नाही, तर आम्ही तरी मुक्कामच मागू.

शेवटी

हे ऑपरेशन एवढे सुटसुटीत होण्यासाठी कॅन्सर लवकर सापडायला हवा. इंग्लंडमध्ये ५० ते ७४ वयाच्या सर्वांना दर दोन वर्षांनी शौचाच्या तपासणीचे फिट किट पोस्टाने घरी येते. ते संकोचून ड्रॉवरमध्ये टाकू नका. शौचातून रक्त, सवयीत बदल, कारण नसताना वजन घटणे असे काही असेल, तर किटची वाट न पाहता जीपीकडे जा.

आणि ज्यांच्या घरी हा प्रसंग आला आहे त्यांना एवढेच सांगणे. एक दिवसात घरी येणे ही शर्यत नाही. वही, थर्मामीटर, फोन नंबर आणि "त्रास नको" म्हणणाऱ्या माणसाकडे जागे राहून बघणारे कुणीतरी, एवढी तयारी असेल तर खुशाल घरी या. नसेल तर एक रात्र जास्त राहण्यात कसलाही कमीपणा नाही.